शेंडीचे तीन नारळ

जनू शेडग्याचा व्हिसा कॅन्सल झाला त्या दिवशी सलालात पाऊस पडत होता, म्हणजे तिथले लोक ज्याला पाऊस म्हणतात ते पडत होतं.

सलाला हे ओमान देशाच्या खालच्या टोकाला, समुद्राला लागून असलेलं गाव. वर्षातला बराच काळ तिथं माड, केळी, उंट आणि ऊन. मग जुलैच्या सुमाराला धुकं उतरतं, बोडके डोंगर हिरवे होतात आणि आभाळातून काहीतरी ओलं गळत राहतं. ते बघायला रियाधहून, दुबईहून माणसं गाड्या भरभरून येतात. रस्त्याकडेच्या गवतात चटया टाकतात, बिर्याणीची टोपं उघडतात आणि सगळं खानदान भिजत जेवतं. जनू रोह्याचा. धाटावच्या पलीकडे, कुंडलिका नदीच्या अंगाला त्याचं गाव. तिकडे असल्या पावसात बाया दोरीवरचे कपडेसुद्धा काढत नाहीत. पण हे मत त्यानं वीसेक वर्षं पोटातच ठेवलं होतं, कारण त्या ओल्या लोकांना शहाळी विकून त्याचं घर चाललं होतं.

तो तिथं गेला तो माड चढता येतो एवढ्या भांडवलावर. गावाकडे भात आणि भातामागून वाल, एवढीच शेती. माडाचा संबंध नाही. पण आजोळ रेवदंड्याचं, त्यामुळे मिसरूड फुटायच्या आतच माडावर जायला शिकला होता. धाटावच्या एका कंपनीत कंत्राटावर होता, ते कंत्राट संपलं, आणि म्हसळ्याच्या एका ओळखीच्यानं त्याला सलालाच्या एका बागेवर चिकटवून दिलं. बागेचा मालक सालिम. तिकडे मालकाला अरबाब म्हणतात. अरबाब भला माणूस होता. कमी बोलायचा आणि जेवढं बोलायचा तेवढं हिंदीत बोलतोय अशी त्याची समजूत होती.

आता अरबाबाच्या मुलांनी बागेत पाहुण्यांसाठी बंगल्या बांधायच्या ठरवल्या. निम्मे माड जाणार. शहाळ्यांची टपरी जाणार. जनूचे गुडघे आधीच गेले होते. अरबाब म्हणाला, "जनू, तुम घर जाओ. बच्चा लोग देखो. खलास." जनू म्हणाला, "खलास." एवढ्यात सगळं उरकलं.

संध्याकाळी त्यानं बायकोला व्हिडिओ कॉल लावला. सरू फोन असा धरायची की पडद्यावर तिचं कपाळ आणि वरची कौलं तेवढी दिसत. इतकी वर्षं जनू आपल्या संसाराशी कपाळ आणि कौलं यांच्यामार्फतच बोलत आला होता.

"तिकीट काडलं काय?" सरूनं विचारलं.

"काडलं. शुक्रवारचं. कायमचा येतोय गो आता."

"ते कललं. तिकडच्या राखनदाराला सांगितलं का?"

हा प्रश्न येणार हे जनूला माहीत होतं, पण इतक्या लगेच येईल असं वाटलं नव्हतं.

त्यांच्याकडे प्रत्येक विहिरीला, बागेला, बांधाला कोणीतरी राखणदार असतो. तो दिसत नाही, पण असतो. त्याच्या जागेत तुम्ही काम करता, तर वर्षाला त्याला एक नारळ द्यायचा. आणि ती जागा सोडून जायची वेळ आली की त्याला तसं सांगायचं, शेवटचा नारळ फोडायचा, आणि जमलं तर मागच्या माणसाच्या हाती त्याला सोपवून निघायचं. न सांगता निघालात तर त्याला वाटतं आपल्यालाही निघायचंय, आणि तो तुमच्या मागं येतो.

गावातल्या नाथाचं उदाहरण सरूच्या तोंडावर होतं. नाथानं पेणेकडे एक आमराई करायला घेतली होती. मुदत संपली तसा न सांगता गोणी उचलून एसटीत बसला. तिथला राखणदारही मागोमाग बसला असणार, कारण त्या दिवसापासून नाथाची म्हैस धारेला उभी राहीना, आणि ओटीवर कोणीतरी खोकतंय म्हणून नाथाची बायको सारखी उठून बसायला लागली. शेवटी नाथाला त्याला एसटीनंच परत पेणेला नेऊन सोडावं लागलं. त्याचं तिकीट काढलं होतंस काय, असं गावानं नाथाला पुष्कळदा विचारलं. काढलं होतं, असं नाथा सांगतो.

"हितं सुरभीला सातवा लागलाय," सरू म्हणाली. सुरभी म्हणजे त्यांचा मुलगा आदर्श याची बायको. "घरात दोन जिवाची पोर हाय. तुमच्या मागनं कोन परका आलेला मला उंबऱ्यात नाय चालायचा. मोकले होऊन या. नायतर पेनला आक्काकडं उतरा नि बालंतपन होई पावतं तितंच ऱ्हावा."

"आगो, इतक्या वर्सांनी कायमचा घरी येतोय नि आक्काकडं ऱ्हावू?"

"मग मोकले होऊन या. कोना-कोनाला बोललाव तुमी तिकडं?"

जनूनं मनाशी आठवलं. "तिघांना."

कपाळाला आठ्या पडल्या. "तिघांना? तुमी नोकरीला गेलाव का नवस बोलायला?"

पहिला बागेतल्या विहिरीवरचा. जनू नवीन होता, जागा माहीत नव्हती, विहिरीच्या कठड्याआड लघवीला बसला. दुसऱ्या दिवशी जो ताप भरला तो उतरेना. दवाखान्यातल्या केरळी डॉक्टरनं डास चावल्याचं सांगितलं. डास कोणी पाठवला ते काही त्याला सांगता आलं नाही. जनूनं ओळखलं, विहिरीपाशी नारळ ठेवला, "बाबा, चुकलो, वर्साला एक नारल दीन, मला माडावरनं पाडू नको नि धड घरी लाव," असं बोलला. ताप उतरला, आणि वीस वर्षांत जनू माडावरून एकदाही पडला नाही.

दुसरा मुगसैलच्या समुद्रावरचा. तिथं किनाऱ्याच्या खडकाला भोकं आहेत. लाट आत शिरली की भोकातून पाणी तोफेसारखं वर उडतं. लोक वरच्या लोखंडी जाळीवर उभे राहून ओरडतात. मोसमात अरबाबाची हातगाडी तिथं लागायची. एकदा त्या पाण्यानं गाडीवरची छत्री उचलून नेली, जनूसकट. छत्री गेली, जनू राहिला. त्यालाही वर्षाला एक नारळ.

तिसरा मिरबातच्या वाटेवरचा. तिथं एक चढ आहे. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ब्रेक सोडला की ती आपणहून चढ चढते. पाहुणे मुद्दाम जाऊन गाड्या सोडून बघतात आणि हसतात. जनू पहिल्यांदा पिकअपमधून गेला तेव्हा हसला नाही. तो उतरून चालत गेला. अरबाबाच्या धाकट्या पोरानं समजावलं, की तो खरं तर उतार आहे, आजूबाजूच्या डोंगरांमुळे डोळ्याला चढ दिसतो. जनूनं ऐकून घेतलं. डोळ्याला फसवायला तरी कोणीतरी लागत असेलच, असं त्याचं मत पडलं. तिसरा नारळ.

"आनि दर वर्साला देत आलाव ना?" सरूनं विचारलं.

"येक वरीस चुकलो नाय. टपरीवरचं चांगलं जाड शहालं बगून..."

"काय बगून?"

"शहालं."

पडद्यावर एकदम कौलं हलली आणि पहिल्यांदाच सरूचा सगळा चेहरा दिसला. तो बघून जनूला पुन्हा कपाळ बरं वाटायला लागलं.

"राखनीला शहालं? शेंडीचा नारल नाय?"

"आगो, हितं समदे शहालीच..."

"वीस वर्सं त्याला शहालं पाजलंत? पावना हाय का तो? राखनीला शेंडीचा, सोललेला, पानी वाजनारा नारल लागतो, हे माज्या सासऱ्यानं तुमाला शिकवलं नाय?"

"तरी मी पडलो का माडावरनं?"

"परक्या देशातला हाय. त्याला रीत ठावी नसंल म्हनून गप ऱ्हायला. आता शेवटचा तरी नीट द्या. तिघांना तीन. शेंडीचे." आणि फोन बंद करता करता तिनं बजावलं, "नि माडावर चडायचं नाय."

शेंडीचा नारळ माडावरच असतो. दुकानात सोललेले मिळतात, पण शेंडी काढलेले. जनूनं चार दुकानं फिरून बघितली. एकानं त्याला नारळाची पावडर दाखवली.

तेव्हा गुरुवारी सकाळी तो विहिरीजवळच्या जुन्या माडाखाली उभा राहिला. सोबत शफीक होता. शफीक बांगलादेशी, तिशीतला, जनूच्या हाताखाली तयार झालेला. बाग मोडली तरी रखवाली करायला त्याला ठेवणार होते. जनूला तो जोनू भाय म्हणायचा.

"जोनू भाय, मैं चढ़ता ना."

"नाय. अपना काम अपने को करना मंगता."

"भाभी मना किया."

"तेरे को किसने बोला?"

"भाभी ने. सुबह फोन किया था मेरे को."

जनूनं पायात दोरीचा फास घातला. निम्म्या माडावर पोचल्यावर गुडघे बोलायला लागले. त्यानं वर बघितलं, खाली बघितलं, आणि वर जाणं जास्त सोपं आहे असं ठरवलं. शेंड्याला पोचल्यावर कोयता काढायच्या आधी तो थोडा वेळ नुसता टेकला. तिथून सगळं दिसत होतं. धुक्यातली बाग, आखणी करून चुना मारलेले चौकोन, रस्त्यावरची त्याची झावळ्यांची टपरी, तिच्यापलीकडे पांढरा समुद्र. याच माडावर बसून त्यानं आदर्शच्या दहावीचा निकाल ऐकला होता, कारण तेव्हा खाली रेंज यायची नाही. आई गेल्याचंही इथंच कळलं होतं. तेव्हा तो नारळ पाडूनच खाली उतरला होता, कारण खाली गिऱ्हाईक उभं होतं.

"जोनू भाय! सो गया क्या?"

जनूनं कान लावून, वाजवून तीन पिकलेले नारळ काढले आणि खाली सोडले. उतरल्यावर त्याचे पाय बराच वेळ आपण जनूचे आहोत हे मान्य करेनात. शफीकनं नारळ सोलले, शेंड्या राखून. मग दोघं पिकअपमध्ये बसले.

मुगसैलला गर्दी होती. जाळीवर पोरं ओलीचिंब उभी होती. पाणी उडालं की आया ओरडत होत्या आणि बाप व्हिडिओ काढत होते. जनू त्यांच्यामधून वाट काढत पलीकडच्या खडकावर गेला. ही त्याची जेवायची जागा. मोसमात रोज दुपारी तो इथं डबा उघडून बसायचा. समोर सरळ गेलं तर रेवदंडा लागतो असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. त्यानं ते कधी कोणाला नीट विचारलं नाही. सरळ गेलं तर आणखीच काही लागतं, असं कोणी सांगितलं असतं तर जेवण गोड लागलं नसतं.

"बाबा," जनू हळू आवाजात म्हणाला, "मी चाललो. आतापावतं शहाली दिली, ती रीत नवती. हा घे शेंडीचा. छत्री तुलाच ऱ्हाऊ दे. पोरं नाचतात तुज्या डोक्यावर, त्यांच्याकडं ध्यान दे." आणि त्यानं नारळ खडकावर फोडला.

आवाज ऐकून मागं लगेच माणसं जमली. वीस वर्षं त्या जागी जनूनं नारळ फोडला की तो विकायलाच असायचा. एका जाड्याशा बाईनं बोटांनी किती म्हणून विचारलं. जनूला नाही कसं म्हणायचं ते सुचेना, आणि हा प्रसाद आहे हे अरबीत येत नव्हतं. त्यानं एक कवड, म्हणजे नारळाची एक वाटी, समुद्रात सोडली आणि दुसरी कोयत्यानं फोडून वाटली. बाईच्या नवऱ्यानं त्याबदल्यात बिर्याणीचा डबा हातात कोंबला. जनूला राखणीला कापतात तो बोकडही मिळाल्यासारखं झालं, फक्त तो आधीच शिजलेला होता.

"एक हो गया," शफीक बिर्याणी खात म्हणाला.

मिरबातच्या चढावर पोचले तेव्हा धुकं इतकं दाट होतं की चढ दिसतच नव्हता. शफीकनं पिकअप कडेला घेतली. पुढे मागे कोणी नव्हतं. दोन उंट रस्त्याच्या मधोमध उभे होते, तेही थोड्या वेळानं काही महत्त्वाचं आठवल्यासारखे निघून गेले.

जनूनं नारळ रस्त्यावर ठेवला, शेंडी आपल्याकडे करून. पायातल्या चपला काढल्या. हात जोडले.

"बाबा, तू डोल्यांना फसवतोस, पन मला तू कदी फसवलं नायस. मी चाललो. ह्यो..."

नारळ हलला.

आधी अंगावर काटा आल्यासारखा नुसता थरथरला. मग एक गिरकी घेतली, आणि शेंडी उडवत चढावरून वर जायला लागला.

"जोनू भाय," शफीक म्हणाला, "नारियल जा रहा है."

"बगतोय ना."

"पकड़ूँ?"

देवानं घेतलेला नारळ पकडायचा नसतो. पण हा घेतला होता की नाकारला होता? घेतला असता तर तिथंच ठेवून घेतला असता. नाकारला असता तर जनूकडे ढकलला असता. हा तिसराच प्रकार होता. एवढा विचार होईपर्यंत नारळ धुक्यात शिरला. दोघं त्याच्या मागं पळाले, जनू अनवाणीच. जनूच्या गुडघ्यांना तो चढच वाटला, अरबाबाचा पोरगा काहीही म्हणो. बरंच पुढं गेले. नारळ नव्हता. गटारात नव्हता, गवतात नव्हता. लांब धुक्यातून उंटाच्या फुरफुरण्याचा आवाज आला, त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं.

"फुटला नाय," जनू म्हणाला. "फोडायचा ऱ्हायला."

"एक और है ना गाड़ी में."

"तो विहिरीचा हाय. विहिरीवरचा पयला. त्याचा ह्याला कसा देनार?"

"तो फिर चढ़ो माड पर."

जनूनं आपल्या पायांकडे बघितलं. ते अजून सकाळच्या माडावरूनच उतरत होते.

विहिरीवर गेले तोवर अंधारायला लागलं होतं. बंगल्यांच्या नकाशात विहीर राहणार होती. तिच्याभोवती दिवे लावणार होते, रंगीत. जनूनं कठड्यावरचं शेवाळ हातानं खरवडलं. पहिल्या वर्षी ज्या कोपऱ्यात बसला होता त्या कोपऱ्यावर बादलीभर पाणी ओतलं. हे काम वीस वर्षं राहून गेलं होतं.

"शफीक, इधर बैठ. ये तेरे को देके जाना मंगता."

"क्या?"

"ये जो इधर रैता है, उसको. साल में एक बार शेंडीवाला नारियल."

शफीक गंभीर झाला. "जोनू भाय, मैं मुसलमान आदमी. पूजा-वूजा नहीं करेगा."

"पूजा नाय करने का. फोडने का. आधा इधर छोडने का, आधा बैठके खाने का."

"सिर्फ खाने का?"

"खाने का. उसका नाम लेके."

"नाम क्या है उसका?"

वीस वर्षांत जनूनं विचारलंच नव्हतं. "मालूम नाय. मैं बाबा बोलता."

"मैं नाम के बिना खाएगा," शफीक म्हणाला. थोडा विचार करून त्यानं विचारलं, "गुड़ के साथ चलेगा?"

जनूनं विहिरीकडे बघितलं. आतून काही हरकत आली नाही. "चलेगा."

मग त्यानं नारळ फोडला. पाणी विहिरीत गेलं. एक कवड कठड्यावर ठेवली, दुसरीतला निम्मा तुकडा शफीकला दिला आणि निम्मा रुमालात बांधला. "चाललो बाबा. धड घरी लाव बोललो व्हतो, तेवडं आता कर," म्हणाला, आणि मागं न बघता खोलीवर गेला. मागं बघायचं नसतं अशी रीत आहे. रीत नसती तर त्यानं बघितलं असतं का, ते सांगता येत नाही.

खोलीवर बॅग भरायला घेतली. टपरी उचलणाऱ्या पोरांनी स्ट्रॉची दोन पुडकी कचऱ्यात टाकली होती. जनूला ते बघवेना. धडधाकट माल. त्यानं ती उचलून बॅगेत, सरूसाठी घेतलेल्या ऊदाच्या पिशवीशेजारी खुपसली.

शुक्रवारी मस्कतला विमान बदललं आणि शनिवारी सकाळी मुंबईला उतरला. आदर्श मित्राची गाडी घेऊन आला होता. वाटेत कंपनीतल्या शिफ्टच्या, पगाराच्या, रस्त्याच्या गोष्टी झाल्या. रस्त्याच्या गोष्टी सर्वांत लांबल्या, कारण रस्ता लांबला होता. पेण जवळ आलं तशी आदर्शनं गाडी हळू केली.

"बाबा, हितं आत वळू का सरळ घेऊ?"

"म्हंजे?"

"आई म्हनली, पेन आलं की तुमाला इचारायचं. मोकले झालेत तर सरळ, नायतर आत्याकडं. आत्यानं कोलंबी आनून ठेवलीय, म्हनजे तुमाला वायट वाटायला नको."

जनूनं पुढं बघितलं. वडखळच्या दिशेनं ट्रक चालले होते. तिसरा नारळ त्याच्या डोळ्यांपुढे चढावरून गिरक्या घेत वर जात होता. तीनपैकी दोन झाले होते. दोनाला मोकळं म्हणतात का, याची रीत त्याला ठाऊक नव्हती. ती सरूलाच ठाऊक. आणि आक्काकडे बसून तिला फोनवर विचारलं असतं तर पुन्हा कपाळ आणि कौलं.

"सरळ घे," जनू म्हणाला.

घरी पोचला तेव्हा सरू दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. मागं सुरभी, पोटावर हात ठेवून. सरूनं ओवाळायला हात वर केला आणि तसाच थांबवला.

"मोकले झालाव?"

जनू अंगणात उभा राहून सगळं बोलला. समुद्रावरचा झाला. विहिरीवरचा झाला, शफीकच्या ताब्यात दिला. तिसरा नारळ ठेवला तो चढावरून पळून गेला, फुटला नाही, सापडला नाही.

"चडावरनं वर पलाला?" सरू म्हणाली.

"वर."

"आपसूक?"

"शफीकला इचार. त्याचा नंबर तर तुज्याकडं हायच."

आदर्श म्हणाला, "आई, ती नजरेची गंमत असते, खरा तो उतार..."

"तू गप." सरूनं जनूला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, आणि मग त्याच्या खांद्यावरून मागं, अंगणाच्या बेड्याकडे, म्हणजे फाटकाकडे, जरा जास्तच वेळ बघितलं. जनूनंही मागं वळून बघितलं. तिथं कोणी नव्हतं.

"नारल फोडलाच नाय, तर तो मोकला कसा व्हनार?" ती म्हणाली. "आलाय तो. नारल पुडं धाडला नि आपन तुमच्या मागनं आला. लांबनं आलाय. आता ह्या वक्ताला त्याला परत कोन सोडायला जानार, नि कुटल्या येसटीनं?"

जनूनं बॅग खाली ठेवली नाही. "मग आक्काकडं जाऊ?"

सरूनं भाकरतुकडा त्याच्यावरून उतरवला, एकदा. मग त्याच्या मागच्या रिकाम्या जागेवरून उतरवला, एकदा. तुकडा लांब फेकून दिला. "पाय धुवा नि ओटीवर बसा. घरात मी सांगन तवा यायचं. बॅगंत काय हाय?"

जनूनं बॅग उघडली. रुमालातलं खोबरं तिनं घेतलं, हुंगलं, थोडं मोडून तोंडात टाकलं. "गोड हाय," म्हणाली. "पन आपल्यासारकं नाय." निम्मा तुकडा सुरभीच्या हातावर ठेवला. ऊद बाजूला काढला. मग स्ट्रॉच्या पुडक्यांवर तिची नजर थांबली.

ती परसात गेली. तिथं जनूनं एका सुट्टीत लावलेला माड आता हाताच्या काठीला येईल इतका फळला होता. तिनं आकडीनं दोन फळं पाडली. एक पिकलेलं, एक कोवळं. पिकलेलं सोललं, शेंडी ठेवून. कोयता घेतला आणि शेताच्या बांधावर गेली. जनू ओटीवर बसून बघत होता. बांधावर घरच्या राखणदाराचा दगड आहे, तिथं तिनं शेंडीचा नारळ फोडला. वाऱ्यावर तिचं बोलणं तुटक तुटक ऐकू येत होतं. "...मालकाच्या मागनं आलाय... परका हाय, भाषा कलायची नाय... सांबालून घे... पोरीच्या आसपास फिरकू नको दीऊस..."

मग तिनं कोवळं फळ घेतलं. टपरीवर जनू मारायचा तसे तीन घाव वरून मारले, तोंड उघडलं, आणि ते दगडाच्या बाजूला, जरा अंतर ठेवून, मातीत बसवलं. बांधावरूनच ओरडली, "आवो, त्यातली येक नली आना!"

"शहालं देतेस राखनदाराला?" जनू स्ट्रॉ घेऊन गेला तसं म्हणाला. "रीत नाय ना?"

"आपल्या बांधावरच्याला नाय दिलं, त्याला शेंडीचाच दिलाय. हे पावन्याला. वीस वर्सं तुमी जे पाजलंत त्याची त्याला सवय लागलीय, आता येकदम कशी मोडनार?" असं म्हणून तिनं स्ट्रॉ घेतली आणि शहाळ्यात खोचली. लाल होती. "चला आता घरात. भात निवतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आदर्श शिफ्टला निघताना बांधावरून गेला आणि परत येऊन म्हणाला, की शहाळ्यातलं पाणी संपलंय. खार आली असेल, वांदरं असतील.

"नली वाकली होती काय?" सरूनं विचारलं.

"व्हय, जराशी."

सरूनं जनूकडे बघितलं. जनू चहा पीत होता. आता तिचं तोंड आख्खं, समोर, पडद्याशिवाय दिसत होतं, आणि ते काम सांगायच्या बेतात होतं.

"दुसरं काडा," ती म्हणाली. "नि आकडीनं. चडायचं नाय."